म्हातारीची पहिली फेरी

"चाळीस वर्षं गावाला चष्मे दिले आणि रंग बघा कसा दिलाय. गाईनं चाटल्यासारखा."

सासूबाई फळीपलीकडून पुटपुटत होत्या. मी फळीच्या अलीकडे, म्हणजे होडीच्या पोटात, इंजिनाच्या खड्ड्यात गुडघे हनुवटीला लावून बसले होते. आमच्या मध्ये बोटभर जाडीचं लाकूड. शेडमध्ये कोणी नाही असं समजून त्यांचा ब्रश माझ्या कानाला लागूनच चालला होता, आणि प्रत्येक फटकाऱ्याला एक शब्द. "इथं सुटलंय. इथंही सुटलंय. आणि इथं तर, बाई बाई."

"आई, मी आत आहे," मी म्हणाले.

ब्रश थांबला.

"मग राहा की. मी कुठं काही बोलले?"

आणि ब्रश पुन्हा चालू झाला. बाबा जेवून आडवे झाले की त्यांनी सकाळी दिलेल्या रंगावरून सासूबाई गुपचूप एक हात फिरवत. हे मला ठाऊक होतं, माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे सासूबाईंना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा आमचा कारभार.

होडी बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. शिडाची, लाकडी, वयानं माझ्याहून थोडी थोरली. दोघींनाही आता डागडुजी लागते. घरात तिला 'म्हातारी' म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, या घरात म्हाताऱ्या दोन आहेत आणि रंग एकीच्याच वाट्याला येतो. त्या स्वतः होडीत कधी बसल्या नाहीत. त्यांना बोट लागते. धक्क्यावर उभं राहून पाण्याकडे जास्त वेळ बघितलं तरी लागते.

म्हातारीच्या पोटात एक जुनं डिझेल इंजिन होतं. वारा पडला की त्याच्या जिवावर घरी यायचं. ते आधी खोकायला लागलं, मग धुरायला लागलं, आणि एके दिवशी जाम झालं ते कायमचं. त्याचे सुटे भाग आता जगात कुठं मिळत नाहीत. आमच्या चष्म्यांच्या दुकानामागच्या शेडमध्ये म्हातारी ठोकळ्यांवर चढली, अंगावर ताडपत्री आली, आणि आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात हुश्श केलं. आपल्याला काही बोलावं लागलं नाही, परस्पर मिटलं.

पण जेवताना बाबा म्हणाले, "विजेची मोटर बसवू. बॅटरीवरची. तिला आवाज नसतो. इंजिन चालू असलं की बाकीचं काही ऐकू येत नाही."

बाकीचं म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

मोटर बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या खड्ड्यात मावणारी घरात मी एकटीच. शिवाय माझं शिक्षण मिक्सर उघडून झालेलं: आधी उघडायचा, मग घाबरायचं, मग जोडायचा. पाण्याचा पंप, शिवणयंत्र, दुकानातलं काचा घासायचं मशीन असं करत करत मी इथवर पोचले होते. चेन-पुलीनं जुनं इंजिन वर काढलं तेव्हा बाबांनी त्याच्यावर हात ठेवला, आजारी गुरावर ठेवावा तसा, आणि म्हणाले, "फार बडबड्या होता बिचारा."

त्यानंतरचे ते दिवस मला फार आवडले. मोटर आणि होडीच्या मागच्या, पाण्यातल्या पंख्याचा दांडा एका रेषेत आणायचे असतात. जरा तिरपं राहिलं तर दांडा थरथरत राहतो. दोन्हींच्या तोंडाला तोंड लावायचं आणि मधली फट चारही बाजूंनी सारखी करायची. मी आत बसून बोल्ट फिरवायची आणि बाबा वरून पालथं पडून फटीवरून नख फिरवायचे.

"डावीकडे केसभर उघडं आहे."

"कुणाच्या केसाएवढं, बाबा?"

"तुझ्या सासूच्या. तिचे अजून जाड आहेत."

मी मोजायची पातळ पट्टी घालून बघायची. केसभर म्हणजे केसभरच असायचं.

त्या बोटांना सगळं कळत होतं. पण मी समोर बसले असताना बाबा माझ्याशी बोलायचे ते माझ्या कानाकडे बघत. दुकानात कोणी नमस्कार केला तर त्याच्या खांद्यापलीकडे बघून हसायचे. गावात लोक म्हणू लागले, चष्मेवाल्यांना शिष्टपणा आलाय. उभा जन्म नाकासमोर चाललेला माणूस, आणि आता नाकासमोरचं तेवढं सोडून बाकी सगळीकडे बघायचा.

माझ्या नवऱ्याला याचा अर्थ पहिल्या दिवशीच कळला होता. त्याचा धंदाच तो. दुकान आता तोच चालवतो. नजरेचा मधला भाग जातो, कडा राहतात, आणि यावर चष्मा नसतो. एकदा त्यानं मोठा धीर करून बाबांना दुकानातल्या तपासायच्या खुर्चीत बसवलं. बाबांनी भिंतीवरच्या तक्त्यातली वरची ओळ वाचली, मधली वाचली, सगळ्यात खालची बारीक ओळ वाचली, आणि त्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव असतं, तेसुद्धा वाचून दाखवलं. ते नाव डोळस माणसालाही खुर्चीतून दिसत नाही. चाळीस वर्षं ज्या तक्त्याशेजारी उभं राहायचं, तो पाठ असणारच.

"छान," माझा नवरा म्हणाला, आणि त्यानं दिवा बंद केला. घरी येऊन तो बराच वेळ हात धूत राहिला.

गंमत अशी की गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे त्याला बाबांनीच शिकवलेलं. आडवळणं घ्यायची नाहीत, खुर्ची जवळ ओढायची आणि सांगायचं: तुम्हाला दिसत नाही. यात लाज नाही, फक्त उशीर नको. अख्ख्या गावाला या घरानं हे वाक्य ऐकवलं. घरात मात्र मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसलो.

आणि आता ते टाळता येत नव्हतं, कारण म्हातारी तयार होत आली होती. बाबांचा नेम होता: दर वर्षी पावसाळ्यानंतर ठोकळ्यांवरून उतरली की तिची पहिली फेरी एकट्यानं. धक्क्यापासून निघायचं, खडकांच्या बाजूनं, पाण्यावर घंटेचं पीप तरंगतं तिथवर जायचं आणि वळून यायचं. सोबत कोणी नाही. "होडी काय म्हणते ते ऐकायचं असतं," असं ते म्हणायचे. यंदाही रविवारी सकाळी ते एकटे जाणार होते. मधे खडक, मासे धरणाऱ्यांच्या होड्या, आणि बाबांना नाकासमोरचं दिसत नाही. सासूबाई त्या आठवड्यात दोनदा दूध उतू घालवून बसल्या, आणि तरी आमच्यातलं कोणी तोंड उघडलं नाही.

शनिवारी शेडमध्येच मोटर फिरवून बघायची ठरली. मोटरच्या तीन जाड वायरी, तिन्ही एकाच रंगाच्या. टोकांना खुणेच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांवर बारीक अक्षरं. वायरी जोडण्याचा मान बाबांनी स्वतःकडे घेतला आणि अडचण होते म्हणून चिठ्ठ्या ओढून काढून टाकल्या. मी खड्ड्यातून बघत होते. काही बोलले नाही. तीन वायरींत कुठल्याही दोन आपसात बदलल्या की मोटर उलटी फिरते, एवढंच. जळत-बिळत काही नाही. निम्मी शक्यता बाबांच्या बाजूनं होतीच की.

पंखा कुठल्या बाजूनं फिरायला हवा त्याचा बाण मी खडूनं मागच्या फळीवर काढला होता. मी, नवरा आणि सासूबाई, तिघं मागं जाऊन उभे राहिलो. बाबा वर होते. किल्ली फिरली, आणि काही म्हणजे काही आवाज न होता पंखा फिरायला लागला. आमच्या डोळ्यांदेखत, बाणाच्या बरोबर विरुद्ध.

"बाणाप्रमाणे?" वरून बाबांचा आवाज आला.

उलटा म्हणावं, तर वायरी चुकल्या. वायरी चुकल्या, तर चिठ्ठ्या का काढल्या. आणि चिठ्ठ्या का काढल्या, तर...

"हो बाबा," मी म्हणाले.

"एकदम बाणाप्रमाणे," माझा नवरा म्हणाला.

सासूबाईंना बाणातलं फारसं कळत नव्हतं, पण आमची तोंडं त्यांनी बघितली होती. "अगदी झकास," त्या म्हणाल्या.

बाबांनी किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. ती किल्ली त्या खिशातून कोणाला मिळत नाही.

दुपारी ते आडवे झाले तशी मी पाना घेऊन खड्ड्यात उतरले, मेन स्विच बंद आहे ना ते बघितलं, दोन वायरी बदलल्या आणि वर आले. किल्लीवाचून फिरवून बघायची सोय नव्हती. कोणाला काही सांगितलं नाही. आमच्या घरात सांगत नाहीत, आवरून ठेवतात.

रविवारी सकाळी म्हातारी पाण्यावर उतरली आणि खरंच सुरेख दिसत होती. शिडं गुंडाळलेली, रंग दोन हातांचा. बाबा स्वच्छ सदरा घालून सुकाणूपाशी बसले. सासूबाई धक्क्यावर पाण्याकडे पाठ करून उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत. मी दोर सोडला. नवऱ्याच्या हातात दुसरा दोर होता. तो त्यानं सोडला खरा, पण लगेच नाही.

"येतो," बाबा म्हणाले, आणि लीव्हर पुढं ढकलली.

म्हातारी मागं आली. आवाज नाही, धूर नाही, थेट मागं, आणि धक्क्याला लटकवलेल्या टायरांवर धपकन बसली.

बाबांनी मोटर थांबवली. लीव्हर हातानं चाचपली.

"पुढंच आहे," ते स्वतःशी म्हणाले. मग आमच्या दिशेनं, माझ्या कानाच्या जरा वर बघून, "वायरींना कोणी हात लावला?"

मी हात वर केला. मग लक्षात आलं, त्यांना तो दिसेलच असं नाही. "मी, बाबा. काल दुपारी. दोन बदलल्या."

"मग सरळ व्हायला हवं होतं."

"हो ना."

माझ्या नवऱ्यानं घसा साफ केला. "संध्याकाळी मीही बदलल्या," तो म्हणाला. "दोन."

मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. एका खोलीत झोपणारी माणसं आम्ही.

"मला कळत असतं तर मीही बदलल्या असत्या," सासूबाई पाण्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या. "तीनदा झालं असतं, मग गेली असती सरळ."

आधी बाबांचे खांदे हलायला लागले, मग होडी. ते एवढे हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्यामागोमाग आम्हीही हसलो, जरा सुटल्यासारखे.

चष्मा त्यांनी परत डोळ्यांवर चढवला नाही. मांडीवर ठेवला.

"सूनबाई, उतर खाली आणि बदल," ते म्हणाले. "या वेळी एकीनंच."

मी होडीत उतरले, झाकण उघडलं आणि डोकं खड्ड्यात घातलं. तिथून मला फक्त बाबांच्या चपला दिसत होत्या आणि हातभर अंतरावरून त्यांचा आवाज येत होता.

"काल मी विचारलं होतं, बाणाप्रमाणे का. तिघंही हो म्हणालात."

मी मेन स्विच बंद केला आणि दोन वायरी सोडवल्या.

"रंगाचंही तेच. मी एक हात देतो, बोटांना दोन लागतात. मला वाटलं, ब्रश चांगला मिळालाय."

"चांगलाच आहे तो," सासूबाई म्हणाल्या.

"मी रागावलो नाही. मीही तुमच्यातलाच. तक्ता नाही का वाचून दाखवला, छापखान्यासकट." मग म्हणाले, "मला वाटलं होतं, मोटरचा आवाज नसला तर घंटा ऐकत ऐकत जमेल. पिपापर्यंत जमेलही. पण घंटा पिपाला असते. खडकाला कुठं असते?"

मी बोल्ट आवळला. तो आधीच आवळलेला होता, तरी आणखी आवळला.

"गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ते मी तुला शिकवलंय," बाबा म्हणाले. हे आता माझ्याशी नव्हतं. "मी माझं सांगितलं तर ते खुर्चीतल्या माणसानंच सांगितल्यासारखं होईल. तसं चालत नाही. दुकान तुझं आहे."

मग होडी एका बाजूला कलली आणि माझ्या नवऱ्याचे बूट आत उतरले. डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. ते बूट बाबांच्या चपलांसमोर येऊन उभे राहिले, आणि मग तिथं थांबले नाहीत. हळूच डावीकडे सरकले, जिथून बाबांना माणूस दिसतो तिथं, आणि त्याचे गुडघे खाली टेकले.

मी डोकं वर काढलं. बाबा सरळ समोर बघत होते. म्हणजे त्याच्याकडेच.

"बाबा," तो दुकानातल्या आवाजात म्हणाला, आणि तो आवाज मधेच फाटला, म्हणून त्यानं पुन्हा सुरुवात केली. "बाबा, तुम्हाला दिसत नाही. यात लाज नाही. उशीर माझ्याकडून झाला. सुकाणू तुम्ही धरा, समोरचं मी सांगतो."