मंगळवारचा माणूस

गेल्या वर्षी पाच मार्चला आईने नेहमीसारखा ओटो केला. उकडलेला याम कंद कुस्करून लाल पामतेलात घोळायचा, वर अख्खी उकडलेली अंडी ठेवायची. घानातल्या आमच्या कोनोंगोत वाढदिवस म्हटला की हाच.

"क्वाबेना, बस जेवायला."

"वाढदिवस उद्या आहे," पपा म्हणाले. दरवर्षी म्हणायचे.

"उद्या देशाचा. तुझा आज."

"हळू बोल, बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे की. गावात कुणाला बोटांवर वार मोजता येत नाहीत का?"

कुणी मोजले नव्हते. आमच्याकडे जन्मवारावरून नाव पडतं आणि क्वाबेना हा मंगळवारचा. देश स्वतंत्र झाला सत्तावन्नच्या सहा मार्चला, बुधवारी. पपा आदल्या दिवशीचे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी हौसेने तारीख एक दिवस पुढे ढकलली आणि पपा देशाबरोबर जन्मले. दरवर्षी त्यांना न्यायला जिल्ह्याची गाडी येई, संचलनाच्या मंडपात पहिल्या रांगेत खुर्ची असे. गाव त्यांना फ्रीडम म्हणे. क्वाबेना म्हणणारी एकटी आई उरली होती.

त्या संध्याकाळी तिने त्यांच्या केंटेची, समारंभात पांघरायच्या रंगीत वस्त्राची, घडी नीट केली. "उद्या भाषणात घोरू नकोस. मागच्या वर्षी पाद्री हसत होते," म्हणाली.

सकाळी तिच्या छातीत कळ आली. गाडी दारात उभी होती.

"पपा, आधी आईला दवाखान्यात सोडू," मी म्हणाले.

"गॅस असेल. आल्याचं पाणी दे. झेंडा चढायच्या आधी मी खुर्चीत नसलो तर लोक काय म्हणतील? गाडी लगेच परत पाठवतो."

गाडी परत आली नाही. संचलनासाठी रस्ता बंद होता, टॅक्सी मिळेना. मैदानावरचा बँड आमच्या खोलीपर्यंत ऐकू येत होता. आई म्हणाली, "छान वाजवतायत पोरं." नंतर काही बोलली नाही.

पपा दुपारी आले. केंटेवर कुणीतरी छोटा झेंडा टाचला होता.

यंदा तिला जाऊन वर्ष होत होतं; त्याची प्रार्थना त्यांनी आठ तारखेला ठरवली. "सहाला चर्चमध्ये कोण येणार, दुफिए? सगळं गाव मैदानावर असतं," ते मला म्हणाले.

आज, सहा तारखेला सकाळी, केंटे पांघरून ते टेबलाशी येऊन बसले. बाहेर हॉर्न वाजला.

"ओटो नाही केलास? आजच्या दिवशी अंडं न खाताच घराबाहेर पडायचं?"

मी त्यांच्यासमोर बसले. आमच्यात मुलगी बापाला नावाने हाक मारत नाही.

"ओटो कालचा असतो, क्वाबेना," मी म्हणाले. "तुमचा वाढदिवस काल होता. आजच्या दिवशी आई गेली. आणि गाडी तुम्ही नेली होती."