यादीतली सहा नावं

पोस्टाच्या कट्ट्यावर स्टूल ठेवून माइकवाला त्यावर चढला, दुसरा स्पीकर खांबाला टेकवून त्यानं पट्टा आवळला आणि खाली उभ्या असलेल्या बायकोला विचारलं,

"वाकडा दिसतोय का गं?"

"स्पीकर सरळ आहे. तुम्हीच वाकडे दिसताय. उतरा आता, कंबर धरेल."

तो उतरला. दुपारचे साडेतीन झाले होते. चौकात मांडलेल्या खुर्च्या अजून रिकाम्या होत्या आणि उन्हानं तापल्या होत्या. शोकसभा सहाला होती. समोर बेकरीचं शटर महिनाभर बंद होतं. महिन्यापूर्वीच्या गोळीबारात शटरला पडलेली तीन भोकं कुणीतरी आतून पुठ्ठा लावून बुजवली होती, पण ती कुठं आहेत हे चौकातल्या प्रत्येकाला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

बायको केबल जमिनीला चिकटवत मागं मागं सरकत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली चोवीस तिनं ह्याच्या केबली गुंडाळण्यात घालवली होती, आणि हे ती अधूनमधून ऐकवतही असे. आज मात्र ती फारसं बोलत नव्हती. चार दिवसांपासूनच नव्हती.

चार दिवसांपूर्वी वाचनालयाच्या खोलीत सभेच्या तयारीची बैठक झाली होती. बैठक कसली, कुस्तीच ती. एका बाजूला नगरसेवक, ज्यांना सगळे पैलवान म्हणत. आयुष्यात ते कधी आखाड्यात उतरले नव्हते, पण देह तसा होता. दुसऱ्या बाजूला बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या आणि आता त्यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभ्या राहिलेल्या. निवडणूक दीड महिन्यावर आली होती. गोळीबार करणारे चौघं पळून गेले होते आणि ते तुमचेच होते असं दोघंही एकमेकांना सांगत होते.

त्यामुळं प्रत्येक गोष्टीवर अडलं. व्यासपीठ पैलवानांच्या कार्यालयासमोर नको, म्हणून ते पोस्टासमोर सरकलं. फलकावर कुणाचंच नाव नको, हे ठरायला पाऊण तास गेला. पहिली मेणबत्ती कुणी लावायची ह्यावर तर बाईंनी पर्स उचलून निघण्याची तयारी केली. शेवटी गेलेल्यांपैकी पोस्टमनकाकांच्या नातीनं लावावी असं ठरलं. नावं कुणी वाचायची? पैलवान म्हणाले आमचा वकील वाचेल, बाई म्हणाल्या आमचे मुख्याध्यापक. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, माइकवाल्यालाच वाचू द्या की. तो सगळ्यांच्या सभांना जातो, कुणाचाच नाही. माइकवाल्याला मनातून फार बरं वाटलं होतं. लोकांचा आवाज वाढवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, स्वतःच्या आवाजाला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग आला सातवा.

बेकरीवाला, पाव घ्यायला आलेल्या दोघी बहिणी, फुलवाली, पोस्टमनकाका, चष्म्याच्या दुकानात नुकतीच लागलेली मुलगी. ह्या सहांबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. सातवा होता व्हॅनचा ड्रायव्हर. चोवीस वर्षांचा. सामान हलवायचंय असं सांगून चौघांनी त्याची व्हॅन ठरवली आणि ते त्याच व्हॅनमधून चौकात उतरले. गोळ्या सुटल्यावर तोही उतरला आणि व्हॅनपासून दहा पावलांवर पडला. तो पळत होता की कुणाला वाचवायला धावत होता, हे कुणाला माहीत नव्हतं. पोलीस म्हणत, तपास चालू आहे.

पैलवान म्हणाले, तो बाईंच्या गल्लीतला. बाई म्हणाल्या, मागच्या निवडणुकीत त्या व्हॅनवर कुणाचे फोटो होते ते सांगू का? तासभर हे चाललं. चहा आला, गार झाला. माइकवाल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेरगावी कामाला जायचं होतं. तो सहज बोलून गेला,

"मग सहाच वाचू या ना. सहांवर तर कुणाचं भांडण नाही."

पैलवानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाई म्हणाल्या, शहाणा माणूस आहे. सगळ्या बैठकीत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. मग छापून आणलेल्या यादीतल्या सातव्या ओळीवर पेन्सिलीनं रेघ मारून ती यादी त्याच्या हातात देण्यात आली.

घरी येऊन त्यानं बायकोला मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"आणि त्याच्या आईला कोण सांगणार?"

"सांगतील की ते. त्यांचं काम आहे ते."

त्यांनी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा सांगेल.

चार वाजता माइकवाला टेबलाशी बसला आणि त्यानं माइक सुरू केला. हॅलो हॅलो, वन टू थ्री म्हणून माइक तपासणाऱ्यांचा त्याला राग येई. आकड्यांनी काय कळतं? संध्याकाळी जे बोललं जाणार तेच बोलून बघावं, म्हणजे कुठला शब्द कुठल्या भिंतीवर आपटून परत येतो ते समजतं. प्रत्येक ठिकाणी तो त्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागदच वाचे. त्यानं खिशातून यादी काढली.

तेवढ्यात ती त्याला दिसली. मागून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन ड्रायव्हरची आई बसली होती. ती इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. सगळे तिला मावशी म्हणत.

"सुरू झालं का हो?" तिनं तिथूनच विचारलं.

"नाही मावशी. सहाला आहे. मी नुसतं तपासतोय."

"बसू ना? ड्यूटी सुटली, म्हटलं जागा बघून ठेवावी."

"बसा की."

त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव पोस्टाच्या भिंतीवरून परत आलं, त्यानं एक बटण जरा फिरवलं. दुसरं, तिसरं. मावशी पुढं वाकून ऐकत होती. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती. सहावं नाव झालं. पेन्सिलीच्या रेघेखालची अक्षरं अगदी स्वच्छ दिसत होती.

तो थांबला असता तर काही बिघडलं नसतं. नुसतं तपासणंच तर होतं. पण तपासणंच आहे, तर वाचलं म्हणून तरी काय बिघडलं, असं त्याच्या मनात आलं. चौकात ती आणि बायको सोडून कुणी नव्हतं. एकदा तरी ऐकू दे बिचारीला. त्यानं सातवं नाव वाचलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश.

मावशी उठून उभी राहिली. पिशवी खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

"पुन्हा एकदा वाचाल?"

त्यानं पुन्हा वाचलं. आवाज चौकभर फिरला. बायको स्पीकरखाली केबल हातात धरून तशीच उभी होती.

"पार बेकरीपर्यंत गेला आवाज," मावशी म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती हसली. "माझे धाकटे दीर यायला तयार नव्हते. म्हणाले, आपल्याला कोण विचारतंय तिथं, उलट लोक तोंडावर बोलतील. आता बघा, सगळ्यांनाच घेऊन येते. जावेला, पोरींना. ऐकू दे सगळ्यांना."

ती निघाली. माइकवाला खुर्चीतून अर्धा उठला.

"मावशी..."

"काय हो?"

तिचा चेहरा महिनाभरात पहिल्यांदाच जरा सैल झाला होता. तो त्याच्याकडं बघत राहिला आणि त्याच्या तोंडून आलं,

"जरा आधीच या. म्हणजे पुढं जागा मिळेल."

ती गेली. बायको टेबलापाशी आली.

"अहो, काय केलंत हे?"

"मी नुसतं तपासत होतो."

"हे तिला सांगायचं होतंत," बायको म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

साडेपाचला बाई आल्या. तो त्यांच्यापाशी गेला आणि त्यानं विचारलं, सातवं वाचलं तर चालेल का?

"अरे, माझी कसली हरकत? मी शिक्षिका होते, तो माझ्या शाळेत होता. पण पैलवान उद्या गावभर सांगतील, बाईंनी मारेकऱ्याचं नाव वाचायला लावलं म्हणून. त्यांनी हो म्हटलं तर वाच."

पैलवान गाडीतून उतरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला का नको असेल? पोरगं ते. पण बाई बोलतील, पाहा ह्यांचाच माणूस निघाला. आता ह्या घडीला कुठं उकरून काढतोस? आणि तोडगा तर तूच काढलास."

तो परत टेबलाशी येऊन बसला.

पावणेसहाला मावशी आली. तिच्याबरोबर अकरा माणसं होती. सगळ्यांचे कपडे कडक इस्त्रीचे होते, लहान पोरींच्या फ्रॉकच्या बाह्यासुद्धा. तिनं बहुतेक दीड तास तेच केलं असणार. दिरांनी एवढ्या उकाड्यात कोट घातला होता आणि ते इकडंतिकडं बघत अवघडून चालत होते. त्यांना पाहून काही लोक कुजबुजले. दुसऱ्या रांगेतली एकजण उठून मागं जाऊन बसली. मावशीनं तिकडं लक्षच दिलं नाही. तिनं सगळ्यांना दुसऱ्या रांगेत ओळीनं बसवलं, डाव्या स्पीकरच्या अगदी समोर, आणि माइकवाल्याकडं बघून ओळखीची मान हलवली.

मेणबत्त्या लागल्या. पोस्टमनकाकांची नात रडली, मग बऱ्याच जणी रडल्या. पैलवान चार मिनिटं बोलले, बाई चार मिनिटं बोलल्या, तेही ठरल्याप्रमाणं. मग पैलवानांनी त्याला खूण केली.

माइकवाला उभा राहिला. त्यानं यादी हातात धरली, तशी गरज नव्हती, त्याला ती पाठ होती. बेकरीवाल्याचं नाव वाचलं. दोघी बहिणींची वाचली. त्याचा आवाज चांगला लागला होता, कुठं घुमत नव्हता, शेवटच्या माणसापर्यंत नीट पोचत होता. चौथं. पाचवं. सहावं.

मावशीनं शेजारी बसलेल्या दिरांच्या मनगटावर हात ठेवला. आता, असं सांगावं तसा. अकरा माणसं किंचित पुढं सरकली.

सातवं नाव माइकवाल्याच्या जिभेवर होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. त्यानं पैलवानांकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. दोघंही त्याच्याचकडं बघत होते. दीड महिन्यानं ह्या दोघांतलं एकजण निवडून येणार होतं आणि सभा मात्र दोघांच्याही होत राहणार होत्या. तेवढ्यात ती वेळ निघून गेली.

"आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या," तो म्हणाला.

खुर्च्या सरकल्या, सगळा चौक उभा राहिला. दुसरी रांगही उभी राहिली, जरा उशिरानं. त्या दोन मिनिटांत त्यानं एकदाही मान वर केली नाही.

सभा फार छान झाली असं लोक जाता जाता म्हणत होते. कुठं गडबड नाही, घोषणा नाहीत. पैलवान आणि बाई एकमेकांना नमस्कार करतानाचा फोटोही निघाला. माइकवाला खाली बसून केबल सोडवत होता. त्याच्यासमोर चपला येऊन थांबल्या. मागं आणखी चपला होत्या.

तो उभा राहिला. मावशी होती. मागं सगळं घर होतं. धाकटी पोरगी विचारत होती, दादाचं नाव कधी घेणार, आणि तिची आई तिला गप्प करत होती.

"मधेच माइक गेला ना तुमचा?" मावशीनं विचारलं.

त्याला पटकन कळलंच नाही. स्पीकर तिच्यापासून चार हातांवर होता. दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलेलं तिला ऐकू आलं होतं, ती उभीही राहिली होती.

"शेवटचं नाव आलं आणि तेवढ्यात गेला," ती म्हणाली. तिची नजर त्याच्यावर होती आणि ती हलत नव्हती. "मी सांगितलं ह्यांना, माइक गेला असेल म्हणून. दुपारी मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, नाव यादीत आहे."

शेजारी बायकोचे हात केबलीवर थांबले.

"हो मावशी," माइकवाला म्हणाला. "गेला मधेच."

दीर पुढं आले. कोटाच्या गळ्याशी त्यांना घाम आला होता.

"असल्या कामाला येता, तर सामान धड आणावं माणसानं. गाण्याबजावण्याचा कार्यक्रम आहे का हा? एका माणसाचं नाव राहिलं की हो. एकाच माणसाचं."

"चुकलं माझं, काका."

"चुकलं म्हणून काय होतंय आता?"

"खरंच चुकलं माझं," तो पुन्हा म्हणाला.

"असू द्या भावजी," मावशी म्हणाली. ती खाली वाकून धाकटीच्या फ्रॉकची चुरगळलेली बाही सरळ करत होती. "मशीन आहे. बंद पडतं कधी कधी. माणसाच्या हातात असतं का ते?"

मग ती सगळ्यांना घेऊन बेकरीच्या बाजूनं निघून गेली.