बापाच्या नावाचा रकाना

मित्रांनो, आमच्या बेटाच्या राजधानीत, किंग्जटाऊनच्या सरकारी दप्तरखान्यात, मागच्या खोलीत, खिडकीखाली जे राखाडी लोखंडी धूड दिसते ते मी. मी मायक्रोफिल्म वाचून दाखवणारे एक जुने यंत्र आहे. चर्चच्या वह्यांची पाने फोटो काढून, अगदी बारीक करून फितीवर उतरवलेली असतात. ती फीत माझ्या पोटात घालून दिवा लावला आणि दांडी फिरवली, की पाने मोठी होऊन माझ्या काचेवर उमटतात. कोण कधी जन्मले, कोणाचे कोणाशी लग्न लागले, कोणाला कुठे पुरले. आयुष्यभर मी एवढेच केले. आता दमलो आहे.

उत्तरेकडच्या एका थंड देशात, कारखान्यात माझा जन्म झाला. बोटीतून या बेटावर उतरलो तेव्हा बंदरावरच्या हमालांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या, इतका मी जड होतो. पण खोलीत मांडल्यावर लोक माझ्यासाठी रांगा लावू लागले. कुणाला पेन्शनसाठी वय सिद्ध करायचे असे, कुणाला गुलामीत जन्मलेल्या पणजीचे नुसते नाव एकदा डोळ्यांनी बघायचे असे. नाव सापडले की माणसे काचेवर बोट ठेवत. इथली कारकून व्हर्लीन म्हणायची, "हात लावू नका हो, काच तेलकट होते." मला मात्र त्या बोटांचा कधी राग आला नाही.

मग पुढच्या खोलीत संगणक आले. त्यात भर म्हणून डोंगर फुटला, आणि ज्वालामुखीची राख माझ्या चाकांच्या दात्यांत जी बसली ती बसलीच. दांडी करकरू लागली, दिवा पिवळा पडला. माझ्याकडे कुणी फिरकेना. फक्त जॉर्जटाऊन गावाकडच्या चर्चची फीत संगणकात चढवायची राहून गेली होती. तिच्यासाठी दोघेच जण येत राहिले.

एक आल्बन ऑलिव्हिएर, जहाजाचा सुतार, बायको जाऊन बरीच वर्षे झालेला, राहायला तिकडे जॉर्जटाऊनलाच. दुसरी मिस अडीना; इथे वयाने मोठ्या बाईला मानाने 'मिस' म्हणतात. तिचा जन्मही तिकडचाच, पण तान्ही असतानाच ती आईबरोबर किंग्जटाऊनला आली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचे आयुष्य गेले आणि दोन नवरे तिने मातीत ठेवले. दोघांच्याही बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे नाव होते आणि बापाचा रकाना कोरा होता. लग्न झालेले नसले की पाद्री तो कोराच सोडत. आल्बनची आई म्हणे, बाप समुद्रावर गेला. अडीनाची आई काहीच न बोलता मेली. म्हणून ही दोघे आजूबाजूची पाने पुन्हा पुन्हा चाळत. कुठे साक्षीदार, कुठे धर्मपिता, काही धागा लागतो का बघत.

"मिस अडीना, सरका जरा. सकाळपासून फीत धरून बसलात."

"तुमचा बाप काय पळून चाललाय? सत्तर वर्षं थांबलाय, अजून अर्धा तास थांबेल."

"पळालाच तर होता," आल्बन म्हणायचा, आणि दोघे हसायची.

तो भाजलेले ब्रेडफ्रूट, म्हणजे इथले फणसासारखे फळ, आणायचा, ती मासे तळून आणायची. व्हर्लीन तिकडे काणाडोळा करायची. एक दिवस तो म्हणाला, "या वयात मी गुडघ्यावर बसलो तर उठवायला दोन माणसं लागतील. म्हणून बसल्या बसल्याच विचारतो. माझ्या घरी याल का?"

"जेवायला?"

"लग्न करून."

फीत केव्हाच संपली होती, तरी ती दांडी फिरवत राहिली. "ईस्टरला लेक येतेय टोरांटोहून," ती शेवटी म्हणाली. "तिच्या कानावर घालते, मग सांगते."

लेक आली ती डीएनए तपासणीच्या दोन डब्या घेऊन. नळीत थुंकायचे, डबी पाठवायची, मग आपल्या रक्ताचे कोण कुठे आहे ते कळते म्हणे. दोघे माझ्यासमोरच बसून थुंकली. आल्बन म्हणाला, "एवढी पानं चाळली, आणि शेवटी थुंकी कामाला आली."

निकाल आला त्या दिवशी अडीना लवकर येऊन बसली होती. तिने फीत मागितलीच नाही. आल्बन ब्रेडफ्रूट घेऊन आला.

"लेकीचा फोन आला होता," ती म्हणाली.

"सापडला म्हातारा?"

"म्हातारा नाही. तुम्ही सापडलात."

त्याला उमगेना.

"आपला बाप एकच आहे, आल्बन. आया वेगळ्या, बाप एक."

आल्बनने ब्रेडफ्रूट टेबलावर ठेवले, टोपी उचलली आणि तो निघून गेला.

मित्रांनो, ही दोन्ही पाने माझ्या पोटात एकाच फितीवर होती. मी ती शेकडो वेळा काचेवर आणली. पण जे लिहिलेच नव्हते ते मी कुठून दाखवणार?

आल्बन यायचा बंद झाला. अडीना मात्र यायची, माझा दिवा लावायची आणि रिकाम्या उजेडाकडे बघत बसायची. "दोनदा विधवा झाले," ती व्हर्लीनला म्हणाली, "पण घर असं कधी रिकामं वाटलं नव्हतं."

"मग जाऊन या ना त्यांच्याकडे."

"कोण म्हणून जाऊ?"

 तरी एका सोमवारी अडीना व्हॅन पकडून गेली आणि दुपारी त्याला घेऊनच आली. इथेच का, कोण जाणे. बोलायला दुसरी जागा त्यांना ठाऊक नसावी. आल्बन वाळला होता. दारातच उभा राहिला.

"मला लाज वाटते," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तुम्हाला जे विचारलं..."

"घरी याल का, असंच विचारलंत ना? त्यातलं लग्न तेवढं वगळा. नवरे मला दोन मिळाले. भाऊ एकही नव्हता."

तो खुर्चीत बसला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मग आता 'मिस' म्हणू नको का तुला?"

"म्हणून तर बघ. थोरला तू असशील, पण हुकूम मीच करणार."

बापाचे नाव काही सापडले नाही. पुढे त्यांनी ते शोधायचेही सोडून दिले. ती फीतही अखेर संगणकात चढली. माझ्यावर आता प्लास्टिकचे आवरण आहे. उचलून न्यायला माणसे मिळत नाहीत, म्हणून मी अजून इथे आहे.

मित्रांनो, मला पुसा, माझ्या दात्यांना तेल घाला, असे मी म्हणणार नाही. माझे झाले. पण तुमच्या घरात एखादे म्हातारे माणूस गप्प बसून असेल, तर आज त्याच्याजवळ बसा आणि विचारा. रागावले तर उद्या पुन्हा विचारा. माझ्याकडे येण्याची वेळ आणू नका. जे कुणी बोलले नाही आणि कुणी लिहिले नाही, ते माझ्या काचेवर कधीच उमटत नाही.