सावलीतली जागा

“बाबा, तुम्ही दगड बसवलेल्या भिंतीखाली तुम्ही स्वतः तासभर बसाल?”

पैज कवाताच्या मैत्रिणीनं, नेकेसानं लावली होती. “तुझे बाबा सगळ्या गल्लीत सांगत सुटलेत, अख्ख्या नैरोबीत अशी भिंत नाही म्हणून. विचार की त्यांना! का टरकलीस?” शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून कवाता कुणाला टरकते कसली!

बाबा हसतील, नाहीतर टपली मारतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी मक्याच्या उगालीचा उचललेला घास परत ताटात ठेवला. “जेव गुपचूप,” एवढंच म्हणाले, आणि स्वतः मात्र न जेवताच उठले.

इमारत चांगली बारा मजली. आतून साधं सिमेंट, पण रस्त्याच्या अंगाला वरपासून खालपर्यंत समुद्राकडून आणलेला पिवळसर दगड. उन्हात नुसता मधासारखा दिसायचा. परांची उतरली तशी कवाताच्या आईनं चपात्यांचं टेबल त्याच भिंतीच्या सावलीत मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः शेगडी उचलली आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली.

“डोकं फिरलंय का तुमचं? तिकडे उन्हात चपातीआधी मीच भाजून निघेन!”

“इथे धूळ उडते.”

“आणि तिकडे काय अत्तर उडतं?”

बाबा टेबल उचलायला परत आले.

रिकामी जागा दुपारपर्यंतही टिकली नाही. नेकेसाची आई कणसं भाजून विकायची. त्या सावलीवर तिचा कधीपासूनचा डोळा होता. “कवाताच्या आई, देव तुझं भलं करो गं!” ती पलीकडून ओरडली. संध्याकाळी बाबा आले, तेव्हा ती तिथे ऐसपैस बसली होती. बाबा थबकले. त्यांचे ओठ हलल्यासारखे झाले. मग मान फिरवून ते टेबल आवरू लागले.

कवातानं हे सगळं पाहिलं, पण ती होती पैज मिरवण्यात दंग. “उत्तरच देता आलं नाही बाबांना!” ती नेकेसाला सांगत होती, आणि दोघी खिदळत होत्या.

मग नोव्हेंबरचा पाऊस लागला. एका दुपारी जरा उघडीप झाली, आणि वरून एक दगड सुटला. नेकेसाची आई जागच्या जागी गेली. शेगडीवर कणसं जळत राहिली. ती कवाताच्या आईनं धावत येऊन विझवली. इमारतीच्या मालकाची माणसं म्हणाली, “फुटपाथवर बसायला हिला सांगितलं कुणी होतं?”

माती देऊन आल्यावर घरात कुणी दिवा लावला नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” कवाता म्हणाली.

बाबा जमिनीकडे बघत होते. “प्रत्येक दगड मागून स्टीलच्या पट्टीनं अडकवायचा असतो. सातव्या मजल्यापर्यंत अडकवले. पुढे मुकादम म्हणाला, नुसत्या सिमेंटच्या मसाल्यावर चिकटव, मालकाला घाई आहे. मी नाही म्हटलं असतं, तर दुसरा तयारच होता.”

“ते राहू द्या. ती तिथे येऊन बसली, तेव्हा?”

“काय सांगणार होतो? माझीच भिंत पडेल म्हणून?”

“आईला उचलून नेलंत की.”

आईनं तोंडावर हात दाबला होता, तो काढला. “मला धूळ सांगितली. मी शिव्या घातल्या यांना.” मग एकदम कवाताचं मनगट धरून म्हणाली, “पण हे या दाराबाहेर जायचं नाही, सांगून ठेवते. बाप तुरुंगात गेला तर शाळा कुठली नि काय!”

कवातानं मनगट सोडवून घेतलं.

“वरचे दगड अजून तसेच आहेत. आणि त्या जागी आज एक बाई केळी घेऊन बसलीय. मी उठवायला गेले, तर म्हणाली, ‘जागा काय तुझ्या बापाची आहे?’”

कवाता बाबांपुढे जाऊन बसली.

“उद्या सकाळी मी नेकेसाला सगळं सांगणार, आणि तिला घेऊन पोलीस चौकीत जाणार. बाबा, तुम्ही माझ्याआधी गेलात तर बरं. नाही गेलात, तरी मी जाणार.”