एकोणचाळीस खाचांची फळी

मित्रांनो, मी सुतारकामाच्या खोलीत भिंतीला ठोकलेली एक फळी आहे. वय झाले आहे माझे. माझ्या अंगावर एकोणचाळीस खाचा कोरलेल्या होत्या. त्या कुणी कोरल्या, त्यांचा मी किती तोरा मिरवला आणि एका भर दुपारी त्या कशा रिकाम्या झाल्या, ते तुम्हाला सांगायचे आहे. त्या दुपारचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

जन्माने मी जेवणाचे टेबल. माझा एक पाय मोडला म्हणून घरच्यांनी मला मिस्तरींकडे दुरुस्तीला टाकले आणि परत न्यायला कुणी आलेच नाही. मिस्तरी म्हणजे खुर्च्या दुरुस्त करणारे सुतार. त्यांच्या घराला लागून गाडी ठेवायची खोली होती. गाडी घेणे काही जमले नाही, म्हणून त्या खोलीत त्यांनी आपले काम मांडले. मोठे दार आतून कायमचे बंद, एक दार घरात उघडणारे आणि बाहेरची ये-जा बाजूच्या लहान दारातून. त्या लहान दाराला ओढले की आपोआप लागणारे कुलूप होते. शेजारी रस्त्याकडची खिडकी होती. पॉलिशचा वास कोंडू नये म्हणून तिची तावदाने दिवसभर उघडी असत. बाहेरून लोखंडी गज होते, त्यामुळे कुणाला कसली धास्ती वाटत नसे.

मी तिथे येऊन पडले त्याच वर्षी डॉक्टरांनी मिस्तरींना काचबिंदू असल्याचे सांगितले. हा आजार चोरपावलांनी येतो. नजर कडेकडून विझत जाते, मधले तेवढे नळीतून पाहावे तसे दिसत राहते, आणि गेलेले परत मिळत नाही. मिस्तरींनी हे सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझे उरलेले तीन पाय कापून मला कामाच्या ओट्यावर आडवी टाकली. मग एकेक हत्यार माझ्यावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड उतरवली आणि पटाशीने बोटभर खोल खाच कोरली. प्रत्येक खाचेत हत्यार अडकवायला एक छोटी खुंटी.

त्यांचा मुलगा तेव्हा नुकताच छापखान्यात नोकरीला लागला होता. तो म्हणाला, "बाबा, एवढा खटाटोप कशाला? खिळे ठोका आणि अडकवा."

"खिळ्यावर काहीही अडकतं रे. खाचेत ज्याचं तेच बसतं. दिसतंय तोवर कोरून घेतो."

रंधे, पटाश्या, करवती, कानशी, गुण्या, गिरमिट, लाकडी हातोडा, अशी अडतीस हत्यारे माझ्या अंगावर बसली. मला खिडकीशेजारच्या भिंतीवर ठोकायचे होते; शेवटी खिडकीकडच्या कडेला थोडी जागा उरली. तिथे मिस्तरींनी एकोणचाळिसावी खाच कोरली, लहान दाराच्या किल्लीची. या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला आपली जागा हवी, हा त्यांचा नियम होता, आणि किल्लीही याच खोलीतली. मुलगा हसून म्हणाला, "वा! आता मलाच तेवढी खाच नाही." मिस्तरीही हसले. मलाही तेव्हा गंमत वाटली होती.

पुढची नऊ वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षे होती. मिस्तरींची नजर अरुंद होत गेली, पण कामाचा हात काही चुकला नाही. माझ्या डाव्या कडेपासून चार बोटांवर लहान रंधा, त्याच्या खाली वीतभर अंतरावर पाऊण इंचाची पटाशी. त्यांची बोटे माझ्यावरून अशी फिरत जशी तुमची नजर पानावरून फिरते. संध्याकाळी मुलगा यायचा, ओट्यावरची हत्यारे जागच्या जागी लावायचा, दार आतून ओढून पाहायचा आणि किल्ली तिच्या खाचेत बसवून घरातल्या दाराने आत जायचा. वीज गेलेली असली तरी अंधारात हे सगळे त्याला जमत असे.

गिऱ्हाइकांना या सगळ्याचे भारी अप्रूप. मिस्तरीही मग रंगात येत. "डोळे मिटतो, सांगा काय काढू?" असे म्हणून ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत. कुणी म्हणे गोल कानस, कुणी म्हणे मधली करवत, आणि मिस्तरी गर्रकन वळून दोन सेकंदांत ती काढून दाखवत. खिडकीबाहेर माणसे थांबून पाहत, टाळ्या वाजवत. मी ताठ होत असे. खरे सांगते मित्रांनो, त्या टाळ्या मी निम्म्या माझ्याच समजत होते.

एकदा एक अनोळखी माणूस खुर्चीचा वेत बदलायला किती पडतील, असे विचारत आला. त्याने सगळा खेळ पाहिला आणि माझे तोंडभरून कौतुक केले. मिस्तरी फुशारून म्हणाले, "हत्यारांचं सोडा हो. दाराची किल्लीसुद्धा इथंच असते. शोधायची म्हणून गोष्ट नाही." तो माणूस हसला आणि उद्या खुर्ची घेऊन येतो म्हणाला. तो उद्या काही आला नाही. इकडे माझ्या मनात शंकेची पालही चुकचुकली नाही.

त्याच सुमारास मिस्तरींच्या अंगठ्याला पटाशी लागली आणि पाच टाके पडले. मुलगा घाबरला. दारात उभा राहून शेजारच्या मावशींना तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "एक दिवस ही सगळी हत्यारं विकून टाकतो की नाही बघा!" बोलला तो काळजीने, पण शब्द रस्त्यावर सांडले ते सांडलेच.

त्यानंतर आठ दिवसांनी मुलगा मिस्तरींना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेला. सूनबाई प्रयोगशाळेत नोकरीला, ती सकाळीच गेली होती. घर रिकामे. साडेअकराच्या सुमारास खिडकीच्या गजांतून एक तार आत आली. टोकाला आकडा वळवलेली, लांबलचक तार. ती दोनदा माझ्यावर खरवडली आणि तिसऱ्यांदा तिने किल्ली अलगद उचलली. मी सुन्न झाले. पुढच्या मिनिटाला लहान दार उघडले आणि वेताचा भाव विचारणारा तोच माणूस आत आला. कारागिराचे कपडे, खांद्यावर दोन पोती. मोडतोड नाही, घाई नाही, शोधाशोध नाही. शोधायचे काय होते? सगळे मीच मांडून ठेवले होते, ओळीने, मापाने, झगझगीत उजेडात. वरच्या ओळीपासून सुरुवात करून त्याने अडतीस हत्यारे वीस मिनिटांत उतरवली. नऊ वर्षे मी स्वतःला मिस्तरींची नजर समजत होते. त्या वीस मिनिटांत मला कळले की मी चोराला वाचायला ठेवलेली यादीही होते.

जाताना त्याने किल्ली परत लावली. हे पाहून मी जास्त हादरले. चोरी लवकर उघडकीला येऊ नये आणि आली तरी संशय घरात फिरावा, एवढाच त्याचा हेतू. पण न पाहताच त्याने किल्ली उलटी अडकवली. दात खिडकीच्या विरुद्ध बाजूला हवेत, ते खिडकीकडे आले, आणि किल्ली खाचेत न बसता वर उचलून राहिली. मग दार ओढून घेतले. कुलूप आपोआप लागले.

मिस्तरी तीन वाजता आले. डॉक्टरांनी नजर आणखी कमी झाल्याचे सांगितले होते, म्हणून ते सरळ कामाला लागले. काम केले की त्यांना बरे वाटे. त्यांनी हात लांबवला, चार बोटे मोजली आणि लहान रंध्याच्या खाचेत हात घातला. खाच रिकामी. ते थांबले. बहुधा ओट्यावर राहिला असेल, असे वाटले असावे. मग पटाशी. नाही. मग करवत. नाही. त्यानंतर त्यांचा हात माझ्यावरून जो धावायला लागला, तो मला अजून आठवतो. प्रत्येक खाचेत बोटे जात होती, तळ चाचपून बाहेर येत होती. ते मोठ्याने मोजत होते. बाविसापर्यंत आकडे ऐकू आले, पुढे नुसते ओठ हलत होते. जमिनीवर बसून त्यांनी हाक मारली, "अरे, दिवा लाव रे कुणीतरी!"

दिवा कशाला, मित्रांनो, दुपारचे ऊन खोलीभर पसरले होते.

मुलगा धावत आला, कामावरून नुकतीच परतलेली सूनबाई आली, शेजारच्या मावशी आल्या. मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मी पाहिलं की त्याला! पोती उचलत होता. मीच म्हटलं, जपून रे बाबा, जड आहेत. मला वाटलं तुमच्या मुलानंच पाठवलाय. परवाच म्हणत होता ना, विकून टाकतो म्हणून?"

पोलीस आले. कुलूप पाहिले, दार पाहिले. सूनबाई म्हणाली, "किल्ली आहे जागेवर." तिला ती दिसत होती, म्हणून तिने हात लावला नाही. पोलीस म्हणाले, "कुलूप धड, किल्ली जागेवर. मग चोर काय हवेतून आला? घरातल्यांना जरा विचारा. आणि काही हलवू नका."

मी ओरडत होते की किल्ली नीट पाहा! पण फळीचे ओरडणे कुणाला ऐकू येते?

पोलीस गेल्यावर मिस्तरी मुलाकडे तोंड करून म्हणाले, "दवाखान्यात तू तीनदा फोनवर बोलायला बाहेर गेलास. कुणाशी बोलत होतास?"

"छापखान्यात. रजा टाकून आलो होतो बाबा."

"तू ती हत्यारं दिलीस का रे कुणाला? माझ्या भल्यासाठी म्हणून? खरं सांग, मी रागावणार नाही."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. तो म्हणाला, "तुम्ही हे मला विचारताय?" आणि निघून गेला. हत्यारे गेली तेव्हा मी रिकामी झाले होते. हा प्रश्न ऐकला तेव्हा खोलीच रिकामी झाली.

चार दिवस मुलगा इकडे फिरकला नाही. जेवणसुद्धा वेगळ्या वेळी. मिस्तरी माझ्याकडे पाठ करून बसून राहत. पाचव्या दिवशी ते उठले आणि का कोण जाणे, माझ्यावरून सावकाश हात फिरवू लागले. खाचा ओलांडत ते शेवटाला आले. बोटे किल्लीवर पडली आणि तिथेच थिजली.

"सूनबाई! या किल्लीला कुणी हात लावला?"

"नाही बाबा. हलवायची नाही म्हणाले होते."

"मग ही उलटी कशी? त्यानं नऊ वर्षं रोज लावलीय ही. अंधारात लावलीय. एकदाही उलटी नाही लावली."

सूनबाईने वाकून पाहिले. मग तिने माझ्यावरचे ओरखडे पाहिले, तिथून नजर सरळ रेषेत नेत खिडकीच्या गजाशी पोचली. गजाचा रंग एका जागी नुकताच खरवडला गेला होता. तिने पट्टीने अंतर मोजले. "अडीच फूट. तारेनं सहज निघेल. बाबा, यांनी पाठवलेल्या माणसाला तारेची काय गरज?"

चोरी झाली तेव्हाही मिस्तरींच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते, ते आता आले.

पोलिसांना तीन आठवड्यांनी एका भंगारवाल्याकडे नऊ हत्यारे मिळाली. बाकीची एकोणतीस कायमची गेली. मला खिडकीजवळून काढून समोरच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी ठोकले. खिडकीला बारीक जाळी लागली. लहान दाराला आतून जाड अडसर बसला. किल्लीची खाच लाकडाच्या तुकड्याने बुजवून टाकली. आता प्रत्येक हत्याराच्या मुठीवर खूण ठोकलेली आहे, त्यांचे फोटो सूनबाईने घरातल्या कपाटात ठेवले आहेत, आणि डोळे मिटायचा खेळ बंद झाला आहे.

जुन्या बाजारातून दुसरी हत्यारे आणली, पण ती माझ्या खाचांत बसेनात. कुणी लांब, कुणी रुंद. एका रविवारी मुलगा पेन्सिल घेऊन आत आला, अजून न बोलताच. मला उतरवून ओट्यावर ठेवली. मिस्तरींनी नवा रंधा चाचपून माझ्यावर ठेवला आणि दोन बोटांनी घट्ट दाबून धरला. मुलगा कड उतरवू लागला.

"चुकलं माझं," मिस्तरी म्हणाले.

पेन्सिल थांबली. मग पुन्हा चालू झाली. "हलू नका बाबा, रेघ चुकेल."

त्याने रेघ पूर्ण केली. रंधा उचलला तेव्हा दिसले की पेन्सिल रंध्याच्या कडेने येता येता मिस्तरींच्या दोन्ही बोटांनाही वळसा घालून गेली आहे. मिस्तरी म्हणाले, "काय झालं?" मुलगा म्हणाला, "काही नाही." आणि त्याने ती रेघ खोडली नाही. होती तशी कोरली.

मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी खोली असेल, जिथे कुणीतरी हाताने काही घडवते. तिची हत्यारे सगळ्या जगाला दाखवू नका. किल्ली खिडकीजवळ टांगू नका. आणि एवढे करूनही कधी चोरी झालीच, तर आपल्या माणसाकडे वळण्याआधी ओरखड्यांकडे नीट पाहा. एकोणतीस हत्यारांची भरपाई बाजारातून होते. मिस्तरींच्या त्या एका प्रश्नाची भरपाई कशानेच झाली नाही.

माझ्या डाव्या कडेपासून चार बोटांवर आता दोन बोटांची जास्तीची जागा आहे. तिच्यामुळे रंधा काढायला सोपा जातो.