फॅक्सने अडवलेला पाय

मित्रांनो, कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत, प्लास्टरच्या पोत्यांशेजारी, एक करडा डबा दिवसभर गुरगुरत असतो. तो मी. जुना संगणक. माझ्यावरची प्रणाली ज्यांनी बनवली, त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवून कैक वर्षे झाली. पण मी अजून कामावर आहे आणि माझे काम मला चोख येते.

कार्यशाळेचे मालक आणि मुख्य कारागीर म्हणजे काका. सुटे भाग आणून त्यांनीच मला जुळवले आणि माझ्या पाठीच्या एकमेव पोर्टला फॅक्सचे यंत्र जोडले. पुढे फॅक्स मोडीत गेला आणि त्याच पोर्टला एका लांब पट्टीची वायर आली. जमिनीवर अंथरलेल्या त्या पट्टीवरून माणूस चालला, की कोणत्या पावलावर किती भार पडतो, ते मी पडद्यावर रंगांत दाखवतो. ते रंग पाहून काका पायाचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवतात. पट्टीचा प्रोग्रॅम फक्त माझ्यावरच चालतो. नवे संगणक त्याला दारात उभे करत नाहीत. एकदा इथूनच पाय बसवून गेलेला एक पोस्टमन मुद्दाम जुने बूट दाखवायला आला होता. दोन्ही तळवे सारखेच झिजले होते. काकांनी ते बूट माझ्या डोक्यावर ठेवले. मला कसलीही घाण वाटली नाही.

गेल्या वर्षी काकांचे जावई चार दिवस राहायला आले. माणूस उत्साही. सासऱ्यांना रोज एकेक चिन्ह उघडत बसावे लागते, हे त्यांना बघवले नाही. माझ्यात स्टार्टअप नावाचा एक फोल्डर आहे. त्यात ज्याचे चिन्ह ठेवाल, तो प्रोग्रॅम मी सुरू होताच आपोआप उघडतो. जावयांनी पडद्यावरची झाडून सगळी चौदा चिन्हे त्यात टाकली आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या सकाळी काकांनी बटण दाबले आणि चौदा जण एकदम माझ्या अंगावर आले. मला घाम फुटला असता, पण ती सोय माझ्यात नाही. पंधरा मिनिटे पडदा गोठून राहिला. शेवटी पट्टीचा प्रोग्रॅम उघडला आणि म्हणाला, पोर्ट दुसऱ्याच्या वापरात आहे. काकांनी वायर बदलली, मला चार वेळा बंद-चालू केले. पुन्हा तेच. "संपला हा," ते म्हणाले आणि त्यांनी भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

समोर खुर्चीत पाय बसवून घ्यायला आलेल्या एक मावशी बसल्या होत्या. गुडघ्याखाली नवा पाय, हातात काठी. आधीच्या पायाचा कोन दुसरीकडे कुणीतरी अंदाजाने लावला होता, त्याने त्यांना जखम झाली होती. त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळून होती, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात. दोन वर्षे दोघींची भेट फोनवरच. आता पुन्हा अंदाजानेच पाय लावू का, असे काकांनी ओशाळून विचारले, तेव्हा मावशींनी काठी माझ्याकडे रोखली.

"याच्यासारख्याच मशीनवर मी बावीस वर्षं काढलीत. मला बघू द्या."

त्यांनी मला पुन्हा सुरू केले आणि शिफ्टची कळ दाबून धरली. ती धरली, की मी स्टार्टअपच्या फोल्डरकडे पाहतही नाही. मी दोन मिनिटांत हसत उभा राहिलो. मावशींनी फोल्डर उघडून आतली गर्दी काकांना दाखवली. सगळे पुसून टाकू, असे काका म्हणाले.

"पुसायचं नाही. बाजूला ठेवायचं," मावशी म्हणाल्या. "नाहीतर चोर कोण ते कळणारच नाही."

त्यांनी चौदाही चिन्हे एका नव्या फोल्डरमध्ये नेली आणि फक्त पट्टीचे परत ठेवले. पट्टी जागी झाली. मग एकेक चिन्ह परत आणायचे, मला बंद-चालू करायचे, पट्टी चालते का पाहायचे. काका चुळबुळत होते, मावशी नव्हत्या. पाचव्या खेपेला पट्टी पुन्हा अडली. नुकतेच परत आलेले चिन्ह होते फॅक्सच्या प्रोग्रॅमचे! यंत्र कधीच गेले होते, पण हा बिचारा उठल्याबरोबर पोर्ट धरून फॅक्सची वाट पाहत बसायचा. मावशींनी त्याला बाहेर काढले आणि आत पट्टी तेवढी ठेवली.

मग त्या पट्टीवरून चालल्या. टाचेपाशी लाल रंग फार होता. काकांनी स्क्रू फिरवला, त्या पुन्हा चालल्या. सातव्या फेरीला दोन्ही पावले सारखी हिरवी झाली.  काकांनी मान वळवून चष्मा पुसला.

महिन्याने मावशी तपासणीला आल्या, जखमेविना. अठ्ठेचाळीस पायऱ्या त्यांनी दोनदा थांबून चढल्या होत्या. बहिणीने आधी रागावून घेतले, कळवले का नाहीस म्हणून, आणि मग हात सोडलाच नाही.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी यंत्रे अडली, की लगेच आमच्या वयाकडे बोट दाखवू नका. आमच्या पाठीवर नको ते ओझे कोणी टाकले आहे का, ते आधी पाहा. एकेक करून उतरवा, घाई करू नका. बाकी माझी काळजी नको. उद्या दोघे जण पहिल्यांदा चालायला येणार आहेत, आणि मी तयार आहे.