अस्सल ओल

आमच्या घरात हल्ली कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी विचारावं लागतं, "हे मोडलंय की केलंय?"

मोडलेलं असेल तर दुरुस्तीला द्यायचं, केलेलं असेल तर कौतुक करायचं. यात उलटापालट झाली की घरात शांतता पसरते. मध्यंतरी हॉलमधल्या आरशाला गेलेले तडे पाहून मी हळहळलो आणि "जाऊ दे, नवा आणू," म्हणालो. ते तडे बायकोने बारीक ब्रशने एकेक करून रंगवले होते. त्यातून धडा घेऊन मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या कलत्या पायाची तोंड भरून स्तुती केली. तो खरोखरच मोडला होता. हे मला खुर्चीसकट खाली आल्यावर समजलं.

आणि मी नोकरी करतो विमा कंपनीत. लोकांच्या घरात झालेलं नुकसान खरं की बनाव, हे भिंतीकडे बघून सांगणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. ऑफिसात या बाबतीत माझा शब्द अखेरचा मानतात. घराच्या उंबऱ्याबाहेर चपला काढतो, तिथेच तोही काढून ठेवतो.

बायकोने बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बागकाम करील, फार तर पेटी शिकेल. तिने घर झपाटायला घेतलं.

"याला गॉथिक सजावट म्हणतात," तिने आम्हाला समजावलं. "म्हणजे जुनं, काळोखं, थोडं पडझड झालेलं, पण देखणं."

"म्हणजे माझ्यासारखं," माझी आई म्हणाली आणि पुढचं ऐकायला कान सरसावून बसली.

नळाच्या प्लास्टिक पाइपचे तुकडे कापून, त्यांवर ग्लू गनने गोंदाचे ओघळ सोडून बायकोने मेणबत्त्या केल्या. जाळीचं कापड चहाच्या पाण्यात उकळून, कात्रीने फाडून पडदे केले. रबरी हातमोज्यात प्लास्टर ओतून भिंतीतून बाहेर येणारा हात केला. आई त्याच्या बोटाला चष्मा अडकवते. कागदाच्या लगद्याच्या कवट्या बाल्कनीत वाळत असताना समोरच्या इमारतीतल्या लोकांनी आपल्या खिडक्या लावून घेतल्या, त्या अजून उघडलेल्या नाहीत. कपाटावरची धूळसुद्धा राख आणि टाल्कम पावडर चाळून, बेताने टाकलेली. ती मी एकदा पुसली. त्यावर नको बोलायला.

माझा गोंधळ असा, की हे सगळं तिला आनंद झाल्यामुळे चाललंय की दुःख झाल्यामुळे, ते कळेना. काळे गुलाब करणाऱ्या बाईला तसं थेट विचारायचं तरी कसं?

शेवटी आईनेच विचारलं. "अगं, तुला काही होतंय का? माहेरची आठवण वगैरे?"

"आई, बँकेत इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या जुळतात का बघत बसले," बायको म्हणाली. "माझ्या हाताने केलेलं असं काही कुणी कधी बघितलंच नाही. आता बघावं असं वाटतं, एवढंच."

बघणार होत्या त्या मॅडम. कोपऱ्यावर हस्तकलेच्या सामानाचं दुकान आहे, त्याच्या मालकीण. दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी वर्ग चालतो. तिथली शिकवणारी गाव सोडून चालली होती आणि मॅडमना तिच्या जागी कुणीतरी हवं होतं. बायकोचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. "घरी येऊन काम बघते आणि मग सांगते," असा त्यांचा निरोप आला. त्या दिवसापासून बायको झोपेतही स्पंज पिळल्यासारखी बोटं हलवू लागली.

रविवारी मॅडम आल्या. चणीने लहान, आवाजाने मोठ्या. मेणबत्त्यांपाशी थांबल्या, "हं" म्हणाल्या. पडद्यांना हात लावला, "हं." प्लास्टरच्या हाताच्या बोटावरचा चष्मा उचलून खाली ठेवला आणि "प्रयत्न छान आहे," म्हणाल्या. कुठल्याही भाषेत या वाक्याचा अर्थ एकच होतो. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"आत काय आहे?" म्हणत त्यांनी बेडरूममध्ये डोकं घातलं आणि तिथेच थबकल्या.

बेडरूमच्या छताला ओल आहे. वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममधून झिरपते. ते वरचे म्हणजे अतिशय सभ्य गृहस्थ. तक्रार घेऊन गेलं की पाणी देतात, बसवतात आणि "आमच्याकडे सगळं कोरडं आहे हो," असं सांगून जिन्यापर्यंत सोडायला येतात. म्हणून आईने त्यांचं नाव कोरडेसाहेब ठेवलंय. त्यांच्या कोरडेपणाच्या छायेत तो डाग वाढत वाढत चांगला परातीएवढा झाला होता. मध्ये चहाचा रंग, कडेला कॉफीचा, एकात एक वर्तुळं आणि मधूनच सुटलेले चुन्याचे पापुद्रे.

"अहाहा!" मॅडम म्हणाल्या. "हे! हे खरं काम! या कडा बघा, हे पोपडे! अहो, हे केलंत तरी कसं?"

बायकोने तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते मला माहीत होतं; सह्या तपासणारी बाई आहे ती. मला तिचा मघाचा वाळलेला चेहरा दिसत होता, म्हणून मीच बोलून गेलो, "हिनेच केलंय. फार मेहनत घेतली."

"तर मग पुढच्या रविवारी मी येते. माझ्यासमोर करून दाखवा. जमलं तर वर्ग तुमचा."

मॅडम गेल्या. बायको पलंगाच्या कडेवर बसली.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे बोलायला?"

"अगं, तुला वर्ग मिळावा म्हणून..."

"मी केलेलं सगळं त्यांनी हं हं करत बघितलं. आवडलं काय, तर वरच्यांचं न्हाणीतलं पाणी! आणि त्यावर तुम्ही माझं नाव घातलंत!"

"न्हाणीतलंच आहे याची तरी खात्री आहे का?" आई दारातून म्हणाली. तिला हा प्रश्न फार दिवस विचारायचा होता, असं दिसलं.

पुढचे दिवस बायको बेडरूममध्ये उताणी पडून त्या डागाकडे बघत राहिली. मी ऑफिसला निघताना ती पडलेली, परतलो तरी पडलेली. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, हिला डॉक्टरांना दाखव." मीही त्याच विचारात होतो, तोच बायको ताडकन उठून बसली.

"पाणी वाळताना रंग कडेला ढकलतं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी ओल येते, वाळते आणि एक रेघ ठेवून जाते. एका वेळी रंगवून चालणारच नाही. वाळवत वाळवत करायला पाहिजे."

मग हॉलचं छत. तिने स्टुलावर चढून स्पंजने चहाचा काढा लावायचा, हेअर ड्रायरने वाळवायचा, पुन्हा लावायचा. मी स्टूल धरायचं. कडेला मातकट रंगाचं बोट, पापुद्र्यांसाठी फुगवून खरवडलेली पुट्टी. आई खालून सूचना द्यायची, "डावीकडे आणखी गळू दे." शनिवारी तो डाग पुरा झाला तेव्हा माझ्या तोंडून धंद्याच्या सवयीने निघालं, "हा पाइप फुटलाय." एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे इतक्या प्रेमाने क्वचितच पाहिलं असेल.

त्याच संध्याकाळी कोरडेसाहेब आले. टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा, एवढं सांगायला. बोलता बोलता त्यांची नजर वर गेली आणि वाक्य अर्ध्यात तुटलं.

"हे कधी झालं?"

"आत्ताच," बायको अभिमानाने म्हणाली.

कोरडेसाहेब खुर्चीत बसले. नशीब, दुरुस्त केलेल्या खुर्चीत. "वहिनी, काय तोंडाने सांगू? वॉशिंग मशिन मी हॉलमध्ये हलवलंय. बरोब्बर इथे वर. कुणाला न विचारता, नळ फिरवून. मला रोज वाटायचं, हे एक दिवस खाली उतरणार."

"अहो, पण हे मी..."

"नाही, तुम्ही मला सांभाळून घेऊ नका. चूक माझी आहे. उद्या सकाळी माणूस बोलावतो, फरशी काढतो."

"साहेब, तो रंग आहे," मी म्हणालो. "चहाचा आहे."

त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं. "इतके चांगले शेजारी मिळायला भाग्य लागतं," म्हणाले आणि गेले. जी ओल खरी होती तिला हा माणूस कधी आपली म्हणाला नाही. जी नव्हती तिचा त्याने हसत नव्हे, रडत स्वीकार केला. माझ्या नोकरीत असा प्रसंग आलेला नाही, त्यामुळे काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

रविवारी मॅडम आल्या त्या घणाच्या आवाजातच. छतातून बारीक धूळ पडत होती. ही मात्र चाळलेली नव्हती.

बायको त्यांना बसूही न देता म्हणाली, "मॅडम, आधी एक सांगते. बेडरूममधला डाग माझा नाही. ती खरी ओल आहे. हा हॉलमधला माझा."

मॅडमनी वर पाहिलं. मग बायकोकडे. "हा?"

"हो."

इतक्यात दारात कोरडेसाहेब, केसांत सिमेंट. "वहिनी, गळती अजून सापडली नाही. पण आम्ही सोडणार नाही! अर्धा हॉल उखडलाय!"

मॅडमच्या भुवया हळूहळू चढल्या. "मागच्या वेळी खोटा म्हणून सांगितलात तो खरा निघाला. आज स्वतःचा म्हणून दाखवताय, त्याची गळती हे गृहस्थ वर शोधताहेत. बाई, तुमचं नक्की कोणतं?"

मी बोलायला गेलो. आईने प्लास्टरच्या हाताचं बोट धरावं तसं माझं मनगट घट्ट धरलं. "तू गप्प राहा."

बायकोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती आत गेली, काढ्याचं भांडं, स्पंज, ड्रायर घेऊन आली आणि स्टुलावर चढली. जुन्या डागाला खेटून तिने नवीन सुरू केला. लावला, वाळवला. एक रेघ आली. पुन्हा लावला. दुसरी आली, पहिलीच्या जरा बाहेर, तशीच वाकडी. वर घण चालू, खाली ड्रायर चालू. आईने या वेळी डावंउजवं सांगितलं नाही.

झाल्यावर मॅडम चपला काढून स्वतः स्टुलावर चढल्या. बोट फिरवलं. बोट हुंगलं.

"चहा," त्या म्हणाल्या. खाली उतरून त्यांनी बायकोकडे जरा वेगळं पाहिलं. "पुढच्या रविवारपासून या. दुकानाची किल्ली देते."

कोरडेसाहेब अजून वरच बघत होते. त्यांचा चेहरा एका एका रेघेने बदलत गेला. मग ते जिन्यात जाऊन ओरडले, "अरे थांबा! थांबा! फोडू नका!" घण थांबला. मला वाटलं, आता भांडण. पण ते परत आले आणि बायकोसमोर हात जोडून उभे राहिले. "वहिनी, मानलं. फरशी गेली ती गेली, पण कलेला दाद द्यायलाच हवी. आणि इतकी वर्षं मी बिचारा बेडरूममधल्या डागावरून बोलणी खात होतो!"

"तो खरा आहे," बायको म्हणाली.

"बरं बरं," कोरडेसाहेब कौतुकाने हसले. "विनय आहे तुमच्यात."

"अहो, खरंच. तो तुमचा आहे."

"कला लपत नाही, वहिनी," असं म्हणून ते अगदी हलक्या मनाने जिना चढून गेले. आमच्या ओळखीत त्यांना इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमना पोहोचवून आल्यावर बायको मोरीत स्पंज धूत उभी राहिली. अभिनंदन करावं की सांत्वन, हे मला ठरवता येईना.

"अगं, आता तो माणूस बेडरूमची ओल जन्मात दुरुस्त करणार नाही," मी म्हणालो.

"माहितीय."

"कुणापुढे तक्रार केली तरी हेच सांगेल. आणि साक्षीला मॅडमना उभं करील; त्यांना तो तुझा म्हणून सांगणारा मीच."

"मीही हेच सांगितलं असतं त्यांच्या जागी." तिने स्पंज पिळला, पाणी स्वच्छ येतंय का पाहिलं, पुन्हा पिळला. "अहो, हॉलचा बघून ते खरंच रडले होते ना?"

"रडले होते."

तिने स्पंज वाळत घातला, हात पुसले आणि म्हणाली, "चला, पलंग हॉलमध्ये आणू या. हॉलचं छत कोरडं आहे."